मापं नेलीत, आता निष्कर्षही घरी आणा: बालविकासाच्या संशोधकांना खुले पत्र

सन्माननीय संशोधक, अनुदान संस्थांचे पदाधिकारी आणि एथिक्स कमिट्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा एक छोटा परिच्छेद असतो. त्यात मोठमोठ्या नावांनंतर ‘आणि सर्व क्षेत्रकार्यकर्ते’ असे शब्द येतात. त्या शब्दांमागे जी माणसं आहेत त्यांतली मी एक. पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं-उंच्या घ्यायच्या, आईवडिलांना प्रश्नावली विचारायची, बाळ बसतं का, बोट दाखवतं का, दोन शब्द जोडून बोलतं का याच्या खुणा फॉर्मवर करायच्या, हे माझं काम. वेगवेगळ्या अभ्यासांसाठी मी ते वर्षानुवर्षं करत आले आहे. या कामाचं मोल मला कळतं, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. ज्या घरातून तुम्ही माहिती घेता, त्या घराला तुम्हाला काय सापडलं ते सांगा. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा आणि उपयोग होईल अशा वेळेत सांगा. सवड मिळाली तर करू, असं हे काम नाही. ते अभ्यासाचाच भाग धरा, प्रस्तावातही आणि बजेटमध्येही.

आमच्या बाजूने हे काम कसं दिसतं ते आधी सांगते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी त्याला आडवं झोपवून घेतात. डोक्याशी पक्की फळी असते, पायाशी सरकती. एकीने बाळाचं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळाला हे अजिबात मान्य नसतं. ते अंग ताठ करतं, वळवळतं, रडून लालबुंद होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा असतो. वाचून झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण एका मापावर भरवसा ठेवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीची जी मानकं प्रसिद्ध केली, त्यांच्यामागच्या अभ्यासात दोघांनी घेतलेल्या लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की माप पुन्हा घेत असत. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे ८,५०० मुलं त्यात होती. आज जगभरच्या दवाखान्यांत बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर ज्या रेषा दिसतात, त्या या मुलांच्या मापांवरून काढलेल्या आहेत. इतकी काटेकोर मेहनत मला मनापासून आवडते.

पण बाळाला उचलून छातीशी धरताना आई आमच्याकडे बघून विचारते, “ताई, ठीक आहे ना हो?”

मी काम केलेल्या एका अभ्यासात या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते छापून दिलेलं होतं: ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’ दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली आला, म्हणजे पट्टी तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या लाल रंगावर थांबली, तर दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. बाकी आकड्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. आईला काही सांगितलं तर ती वेगळं वागेल, मग नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास निरीक्षणाचा राहणार नाही. शिवाय एका मापावरून बाळाबद्दल फारसं काही ठरत नाही, महिन्यामहिन्याची मापं एका रेषेत बघावी लागतात, आणि अर्धवट ऐकून घरात नसती घबराट होते. हे सगळं मला पटतं. पण अभ्यास संपल्यावर काय? तेव्हा तर बिघडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. निबंध छापून आला. तो त्या आईला वाचता न येणाऱ्या भाषेत होता आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता. तिच्या बाळाची दोन वर्षांची मापं एका संगणकात शाबूत आहेत आणि तिच्या हातात त्यातला एकही आकडा नाही.

‘आईला सांगितलं की अभ्यास बिघडतो’ हे म्हणणं सरसकट खरंही नाही. जमैकात किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा तासभर जात, अशी दोन वर्षं. त्या डॉक्टर नव्हत्या की मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची, बाळाशी कसं खेळायचं, काय बोलायचं, त्याच्या आवाजाला दाद कशी द्यायची हे आईला दाखवायचं, तिने केलं की तिचं कौतुक करायचं, एवढंच त्या करत. वीस वर्षांनी बघितलं तेव्हा या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्या मुलांमध्ये इतका टिकाऊ फायदा दिसला नाही. म्हणजे तिथे आईशी बोलणं हाच उपचार होता. तुमच्या क्षेत्रातल्या सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्या अभ्यासांपैकी हा एक आहे. तो दाखला देऊन तुम्ही अनुदान मागता, मग त्याचा हा धडा स्वतःच्या अभ्यासाला का लावत नाही?

सांगण्यात उशीर झाला तर काय होतं याचं सर्वांत दुःखद उदाहरण पालथं झोपण्याचं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे कितीतरी वर्षं पाश्चात्त्य देशांत तान्ह्या बाळाला पालथं झोपवायचा सल्ला दिला जाई. सल्ला देणारे वाईट नव्हते. उताणं बाळ उलटी झाली तर गुदमरेल, ही भीती त्यांना खरी वाटत होती. पण पालथं झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त आहे, हे वेगवेगळ्या अभ्यासांत नोंदलं जात होतं. ते अभ्यास सुटे सुटे पडून राहिले. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम निघाली आणि अशा मृत्यूंची संख्या काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर, काही ठिकाणी त्याहूनही खाली आली. २००५ मध्ये काही संशोधकांनी सगळे जुने अभ्यास एकत्र मांडून हिशोब केला. १९७० पर्यंत हाती आलेली माहिती तेव्हाच नीट जोडून पाहिली असती, तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. या सल्ल्याला ना औषध लागत होतं, ना यंत्र. एक वाक्य घरी पोचायला हवं होतं.

याउलट आईला दोष देणारी वाक्यं मात्र फार लवकर घरी पोचतात. १९४० ते ६० च्या दशकांत ऑटिझमचं खापर ‘थंड स्वभावाच्या’ आयांवर फोडलं गेलं. त्या आरोपाला धड पुरावा नव्हता, पण तो सल्लागारांच्या तोंडी बसला आणि हजारो बायकांनी स्वतःच्या मुलाचं आपणच वाटोळं केलं असं मानत आयुष्य काढलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी या कल्पनेची सविस्तर चिरफाड केली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही होते. घरातून आलेल्या माणसाने तुमच्या शास्त्राला वाट दाखवल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

तीन कोटी शब्दांची गोष्टही तशीच. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासावरून असं मांडलं गेलं, की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा सरकारांच्या धोरणांत गेला, भाषणांत गेला, पोस्टरवर गेला. अभ्यासात कुटुंबं होती ४२. त्यातली सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. महिन्यातून एकदा एक तास निरीक्षक घरात बसून बाळाशी होणारं बोलणं टिपत. माझ्यासारखी परकी बाई वही घेऊन कोपऱ्यात बसली की कोणतं घर नेहमीसारखं बोलतं? ज्या घराला सरकारी माणसाची धास्ती असते, ते आणखीच गप्प होतं. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बाळाभोवती घरातले इतर लोक जे बोलतात तेही धरून मोजलं, तेव्हा दरीचं चित्र बरंच बदललं. बाळाशी भरपूर बोलावं यात वाद नाही, मी स्वतः प्रत्येक आईला ते सांगते. पण सहा घरांवरून साऱ्या गरीब आयांना ‘तुम्ही मुलांशी बोलत नाही’ असं ऐकवण्याआधी कुणीतरी त्या सहा घरांत परत जाऊन, ‘आम्ही तुमच्याबद्दल असं लिहितो आहोत, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायला हवं होतं.

आता त्या प्रश्नाबद्दल, जो विचारताना मला आजही घसा कोरडा पडल्यासारखं होतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिनबर्गची प्रश्नावली जगभर वापरतात. १९८७ मध्ये जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की यांनी ती तयार केली. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न आहेत. हसू येतं का, विनाकारण भीती वाटते का, झोप लागत नाही इतकं उदास वाटतं का, असं करत करत दहावा प्रश्न येतो: स्वतःला इजा करून घ्यावी असा विचार मनात आला का?

एका घरात एका आईने पहिल्या नऊ प्रश्नांची उत्तरं पटापट दिली. दहावा वाचला तेव्हा ती बाळाच्या झबल्याचं सुटलेलं बंद बांधत होती. ते तिने बांधलं, सोडलं, परत बांधलं. मग म्हणाली, “कधीकधी.” शेजारच्या खोलीत घरातली इतर माणसं होती. माझ्या हातात टॅबलेट होता. मी ‘कधीकधी’वर बोट ठेवलं आणि पडद्यावर पुढचा विभाग उघडला: घरात पिण्याचं पाणी कुठून येतं?

त्या अभ्यासाच्या पुस्तिकेत या उत्तरासाठी लिहिलं होतं, ‘पर्यवेक्षकाला कळवावे.’ पर्यवेक्षकाने पुढे कुणाला कळवायचं, ते कुठेच नव्हतं. मी त्या दिवशी पाण्याचा विभाग बाजूला ठेवला, तिच्याशी बोलत बसले आणि ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे तिला पाठवायची सोय केली. पण ती माझी ओळख होती, अभ्यासाची व्यवस्था नव्हती. माझ्या जागी नवखी मुलगी असती तर तिने पाण्याबद्दल विचारलं असतं, आणि त्यात तिचा दोष नसता. एथिक्स कमिटीतल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: दहाव्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी कोण येणार, कोणत्या फोनवर बोलायचं, कोणत्या दवाखान्यात कोण भेटणार हे नावानिशी लिहिलेलं नसेल, तर तो प्रश्न विचारायला परवानगीच देऊ नका. आणि उपाय काही आकाशातून आणायचे नाहीत. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात आतिफ रेहमान आणि सहकाऱ्यांनी गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनाच प्रशिक्षण दिलं आणि त्या गरोदरपणातच नैराश्य असलेल्या आयांच्या घरी जाऊन त्यांच्याशी ठरलेल्या पद्धतीने बोलू लागल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नैराश्य असलेल्या आयांचं प्रमाण हे प्रशिक्षण न मिळालेल्या कार्यकर्त्यांच्या गटात ५३ टक्के होतं, या गटात २३ टक्के. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी वर्षं झाली, आता तरी ‘पर्यवेक्षकाला कळवावे’च्या पुढे जाऊया.

वडिलांबद्दल एवढंच लिहिते: ते बहुतेक वेळा घरात असतात, दारात उभे राहून ऐकत असतात, आणि फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी शिक्षण आणि उत्पन्न अशा दोन रकान्यांपलीकडे जागा नसते. प्रश्नावली करताना त्यांचाही विचार करा.

घराशी नातं राखणं अवघड आहे, खर्चिक आहे, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांनी राखलं त्यांच्याकडे बघा. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ मुलांचा मागोवा आजही चालू आहे आणि १९६२ पासून त्यांना दरवर्षी वाढदिवसाचं कार्ड जातं. न्यूझीलंडच्या डनीडनमध्ये १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आहे. ती माणसं जगात कुठेही गेली तरी त्यांना तपासणीसाठी परत आणायचा प्रवासखर्च अभ्यास करतो, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले. दुसरीकडे अमेरिकेत एक लाख मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत पाहायचं म्हणून आखलेला राष्ट्रीय अभ्यास एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च होऊन २०१४ मध्ये बंद झाला, मुख्य टप्पा सुरूही न होता. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये ८०,००० बाळांचा अभ्यास सुरू झाला आणि त्याच वर्षी गुंडाळला, कारण ठरलेल्या संख्येच्या जवळपासही आया नाव नोंदवायला आल्या नाहीत. दोन्हींमागे कारणं अनेक असतील. माझ्या अनुभवातलं कारण मी सांगू शकते. ‘मागच्या वेळी आला होतात, पुढे काय झालं त्याचं?’ असं विचारून दार अर्धंच उघडणारी घरं दरवर्षी वाढताहेत.

निष्कर्ष सांगायचा म्हणजे चांगलाच सांगायचा, असंही नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात कमी उत्पन्नाच्या १,००० आयांपैकी काहींना दरमहा ३३३ डॉलर आणि बाकीच्यांना २० डॉलर देऊन मुलांच्या वाढीत काय फरक पडतो ते पाहिलं. बाळं एक वर्षाची असताना मेंदूच्या लहरींत फरक दिसल्याची २०२२ मध्ये मोठी बातमी झाली. मुलं चार वर्षांची झाली तेव्हा मुख्य चाचण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि संशोधकांनी तेही तितकंच उघडपणे जाहीर केलं. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ‘आम्ही शोधलं, फरक दिसला नाही’ हे वाक्य आयांना उत्तम समजतं. न समजणारी गोष्ट म्हणजे काहीच न सांगणं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. प्रत्येक भेटीनंतर बाळाची मापं लिहिलेलं कार्ड आईच्या हातात राहू द्या, आणि अभ्यासाच्या स्वरूपामुळे ते जमत नसेल तर शेवटच्या भेटीनंतर सगळी मापं एकदम द्या, समजावून सांगायला माणूस पाठवून. प्रश्नावली छापण्याआधी ती चार आयांना आणि चार वडिलांना वाचायला द्या, कुठला प्रश्न अपमान करतो ते त्या लगेच सांगतील. तुलनेसाठी ज्या घरांना काहीच दिलं नव्हतं, त्यांना, उपाय गुणकारी ठरला तर, तो सर्वांत आधी द्या. निबंध स्वीकारला गेला की तो बाहेर येण्याआधी त्याचा एक पानी गोषवारा लोकांच्या भाषेत त्या त्या वस्तीत वाचून दाखवा, आणि लोक जे बोलतील ते टिपून घ्या. आणि आम्हा क्षेत्रकार्यकर्त्यांना मुदत संपली की घरी पाठवू नका. उत्तर घेऊन जायला तीच ओळखीची व्यक्ती हवी असते.

अनुदान संस्थांना वेगळं सांगते. अर्जात ‘निष्कर्षांचा प्रसार’ म्हणून जी ओळ असते तिच्यात परिषदांचे प्रवास आणि निबंध छापायचा खर्च मावतो. घरांसाठी स्वतंत्र ओळ ठेवा, आणि ती रक्कम खर्च झाल्याचा पुरावा मागितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. तुम्ही विचारलंत की विद्यापीठं करतील.

जुन्या अभ्यासांतल्या घरांच्या याद्या तुमच्याकडे आहेत. पत्ते बदलले असतील, फोन लागत नसतील, ती बाळं आता शाळेत जात असतील. तरी सुरुवात त्यांच्यापासून करा. घरं शोधून काढायचं काम आम्हाला येतं. यादी पाठवा.

आपली,
एक क्षेत्रकार्यकर्ती